मुलगी दिली, आवाज दिला नाही

ऐन रुम्मान ह्या आमच्या गावात कुणाकडे काही चांगलं घडलं की पहिला निरोप नौफाकडे जायचा आणि दुसरा मिठाईवाल्याकडे. मुलगा झाला, पोरगी बारावी पास झाली, कुणाचा भाऊ आखातातून परतला, काहीही असो. नौफाची झगरूता झाल्याशिवाय त्या आनंदावर शिक्का बसत नसे. झगरूता, म्हणजे जीभ तोंडातल्या तोंडात भराभरा नाचवून काढलेली लांबलचक किलकारी, तशी आमच्याकडच्या सगळ्याच बायका काढतात. पण बाकीच्यांची गल्लीच्या टोकाशी दमून बसायची. नौफाची म्हणे दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरापर्यंत पोचायची. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं, कारण तिचा आवाज सुटला रे सुटला की त्याच्या पाठोपाठ पोरांची पिस्तुलं सुटायची, आणि मग कुणालाच काही ऐकू यायचं नाही.

झगरूतेच्या आधी ती चार ओळी म्हणायची, जागच्या जागी जुळवलेल्या, प्रत्येक ओळीच्या तोंडी 'आवीहा' अशी साद घालून. कंजूष खाटकाच्या मुलाच्या लग्नात मन्सफच्या, म्हणजे मटण-भाताच्या, ताटाकडे बघत तिनं म्हटलं होतं, "आवीहा, नवरा आला चांदीसारखा, आवीहा, वरात आली नदीसारखी, आवीहा, मन्सफात मटण शोधून दमले, आवीहा, लपलंय नव्या नवरीसारखं!" खाटकानं तिथल्या तिथं आणखी एक बकरा कापला. तिची थट्टा झोंबायची, पण तिचा राग येत नसे.

बाकी नौफा चारचौघींसारखीच. उंचीनं बेताची, अंगानं भरलेली, चालताना मद्रगाचा, म्हणजे पायघोळ झग्याचा, काळा घोळ दोन्ही हातांनी उचलून धरणारी. शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवायची-उतरवायची नोकरी तिनं केली, आणि आवाजाला धार तिथंच लागली असं ती सांगायची. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव तिला उम्म सकर, म्हणजे सकरची आई, म्हणायचं आणि तिच्या नवऱ्याला अबू सकर. त्याचं स्वतःचं नाव दीब, म्हणजे लांडगा. पण हा लांडगा इतका गरीब, की मांजर त्याच्या ताटातलं उचलून न्यायचं आणि तो मांजरीला म्हणायचा, "सावकाश खा, बाई."

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शेजारी लग्न होतं. दुपार कलली होती. दीब गच्चीवर द्राक्षवेलीच्या मांडवाखाली पालथा झोपला होता आणि त्याच्या शेजारी दोन वर्षांची नात तालिया. खाली वरात दारात आली, नौफानं आवीहा म्हटली, झगरूता सोडली, आणि रिवाजाप्रमाणे पोरांनी आकाशात गोळ्या झाडल्या. वर गेलेली गोळी खाली येते, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. लग्नात ते कुणाला आठवत नाही. एक गोळी खाली आली ती दीबच्या उजव्या कुल्ल्यात रुतली.

माणूस वाचला, त्यामुळे गावाला हसायची मुभा मिळाली, आणि गावानं ती मुभा चांगली वर्षभर वापरली. "अबू सकर, बसा ना!" हा नमस्काराचा प्रकार झाला. मशिदीच्या पायऱ्यांवर, बेकरीत, बसथांब्यावर, जिथं जाईल तिथं कुणीतरी त्याला अदबीनं खुर्ची पुढं करायचं. दीबही हसायचा. मधे भोक असलेली रबरी उशी बगलेत मारून तो हिंडायचा आणि म्हणायचा, "राजाचं सिंहासन एका जागी असतं, माझं माझ्याबरोबर फिरतं."

नौफा सगळ्यांत जास्त हसली. पण इस्पितळातून परतल्यावर ती एकटी गच्चीवर गेली. गादीवरच्या रक्ताच्या डागापासून तालियाच्या उशीपर्यंतचं अंतर तिनं हातानं मोजलं. एक वीत भरली. ती तिथंच खाली बसली. गोळी कुणाच्या पिस्तुलातली हे कधीच कळलं नाही, पण ती कुणाच्या आवाजावर सुटली हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या लग्नात बायकांनी तिला मधोमध उभं केलं. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"ह्या गोळ्यांना कायद्याचा लगाम लागेपर्यंत माझ्या तोंडून झगरूता नाही," तिनं सांगून टाकलं. बायकांना वाटलं, चार दिवसांचं आहे. ते तीन वर्षांचं झालं.

कायदा नव्हता असं नाही. होता, पण दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा; ओरडायचा पुष्कळ, चावायचा नाही. नवा मसुदा मात्र कडक होता. आनंदात गोळी झाडली तर पिस्तूल जप्त, झाडणाऱ्याला तुरुंग, आणि ज्याच्या घरचं कार्य त्या यजमानालाही जाब. तो मसुदा अम्मानला संसदेच्या एका समितीत निजला होता आणि त्या समितीत आमचेच खासदार होते, मितअब बेग. दर महिन्याला नौफा पाच-सहा बायकांना घेऊन, खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचं ताट घेऊन त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसायची.

"माझ्या डोळ्यांवर, उम्म सकर, माझ्या डोक्यावर!" बेग छातीवर हात ठेवून म्हणायचे, म्हणजे तुमचा शब्द शिरसावंद्य, आणि मामूल खायचे.

माणूस वाईट नव्हता. गावाला पाणी त्यांनीच आणलं, दवाखान्याचं छत त्यांनीच दुरुस्त केलं. पण निम्मं गाव कंबरेला पिस्तूल लावून मत द्यायला येतं, हे त्यांना ठाऊक होतं; ते निवडून आले त्या दिवशी गावात सगळ्यात जास्त गोळ्या उडाल्या होत्या. त्यामुळे मसुदा डोळ्यांवर आणि डोक्यावर राहिला, तोंडात काही आला नाही.

अशात नौफाच्या धाकट्या मुलीचं, जुमानाचं जमलं. मुलगा लुअय, शेजारच्या गावचा, औषधांच्या दुकानात बसणारा, बोलायला लागला तर आधी चष्मा पुसणारा. मुलात खोट काढायला जागा नव्हती. त्याच्या घराण्याची कीर्ती मात्र अशी, की त्यांच्याकडे बारसं असलं तरी दरीतले पक्षी आठवडाभर परत येत नसत.

एका सकाळी भाकरीचं पीठ मळता मळता जुमाना म्हणाली, "आई, माझ्या लग्नातही तू गप्पच बसणार?"

"वचन दिलंय, पोरी."

"गावातल्या सगळ्या पोरींना तुझा आवाज मिळाला. शेजारच्या त्या नकट्या हनानला मिळाला! माझ्या वाटणीला तेवढा नाही. लोक म्हणतील, आईला जावई पसंत नाही."

"लोकांच्या तोंडाला मी काय कुलूप लावू?"

"लोकांचं जाऊ दे. मला हवाय."

पोरीचं काही चुकत नव्हतं. नौफानं तिच्या हातातला पिठाचा गोळा घेऊन दोनदा आपटला आणि विषय बदलला, पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. आवाज द्यायचा तर वचन मोडायचं, आणि वचन मोडायचं तर ती एक वीत विसरायची.

मग कळलं की मुलाकडून जी जाहा येणार, तिच्या पुढं खुद्द मितअब बेग असणार. जाहा म्हणजे मागणी घालायला आलेली वडीलधाऱ्यांची फौज. जितका मोठा माणूस पुढं, तितका मुलीचा मान मोठा. रीत ठरलेली. पुढाऱ्यासमोर कडू कॉफीचा पेला येतो. तो त्याला हात लावत नाही, खाली ठेवतो. मग मुलगी मागतो. मुलीकडचा बोलका माणूस म्हणतो, "कॉफी घ्या, तुमचं मागणं मान्य." पेला ओठाला लागला की सोयरीक पक्की. आतून झगरूता, बाहेरून गोळ्या.

"म्हणजे पेला खाली असेपर्यंत बेग आपल्या मुठीत," नौफा दीबला म्हणाली.

"बेगना मुठीत धरायचं, मग कॉफी कुठल्या हातानं ओतणार?" दीब म्हणाला. पण त्यालाही ते पटलं होतं.

मुलीकडून बोलणार होता नौफाचा भाऊ फव्वाज. आवाज खणखणीत, मिशा त्याहून खणखणीत. नौफानं त्याच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. आधी अट, मग कॉफी. लग्नात एकही गोळी नाही, आणि मसुदा समितीतून बाहेर काढायला बेग संसदेत उभे राहून बोलतील. फव्वाज रोज आरशासमोर उभा राहून कठोर चेहरा करायचा.

"मी काय लेकरू आहे का?" तो म्हणायचा. "दहादा तेच तेच सांगतेस."

"तुझी जीभ पाहुणा दिसला की सैल सुटते, भावा. मी तुला जन्मापासून ओळखते."

जाहाचा दिवस आला. अंगणात मांडव, मांडवात दोनशे माणसं, डोक्यांवर पांढरे-लाल शमाग, उदाचा धूर. आत बायका खिडकीच्या जाळीला डोळे लावून बसलेल्या. बाहेर गल्लीत मोटारींना टेकून नवऱ्याकडची जवान पोरं उभी, एक हात कंबरेशी, कान आतल्या झगरूतेकडे. नौफाच्या अगदी शेजारी उम्म नाइफ बसली होती. हिची झगरूता म्हणजे तेल न घातलेलं दार. नौफा गप्प झाल्यापासून गावचा मान हिच्याकडे आला होता आणि ती तो कुणासाठीही सोडत नव्हती.

बेगनी पेला घेतला, खाली ठेवला, घसा साफ केला. देवाचं नाव घेतलं, लुअयच्या घराण्याचं कौतुक केलं, आणि मग वळून म्हणाले, "आणि हे घर! फव्वाज, तुझ्या आजोबांनी दुष्काळात शेवटची शेळी अनोळखी वाटसरूसाठी कापली होती. माझे वडील सांगायचे, ऐन रुम्मानमध्ये शब्द मागायचा तर ह्याच दारात मागावा."

फव्वाजची छाती फुगली. मिशा थरथरल्या. डोळ्यांत पाणी आलं. नौफानं जाळीतून ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बेग!" फव्वाज गरजला. "कॉफी घ्या! मुलगी तुम्हाला भेट दिली! भेटीला ना अट असते ना मोबदला!"

मांडवात वाहवा झाली. बेगनी पेला उचलला आणि एका घोटात संपवला.

झालं. आमच्याकडे रक्त सांडलेलं माफ होतं, पण प्यायलेली कॉफी परत येत नाही. फव्वाज खाली बसला, आणि बसता बसताच त्याला अट आठवली. त्याचा चेहरा असा झाला, की जणू बोहल्यावर चढल्यावर पायजमा विसरल्याचं लक्षात यावं.

"आतल्या बायांनो, आनंद करा की!" मुलाकडचा एक म्हातारा ओरडला.

उम्म नाइफनं ओढणी सावरली, मान वर केली, तोंड उघडलं. नौफानं ताटातला एक अख्खा मामूल उचलून त्या तोंडात कोंबला.

"खा, बहिणी. आज ताजे आहेत."

मग तिनं उरलेल्या बायकांकडे नुसतं पाहिलं. बसमध्ये चाळीस पोरांना गप्प करणारी ती नजर होती. एकीचीही जीभ हलली नाही. मांडवात सगळे आतल्या किलकारीची वाट बघत राहिले. कुणी खोकलं. कुनाफ्याच्या मिठाईची ताटं घेऊन निघालेले लोक मधेच थबकले. गल्लीतली पोरं एकमेकांकडे बघू लागली. झगरूता नाही तर सुरुवात कशी करायची, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. जुमाना कोपऱ्यात पांढरी पडली होती.

"काय झालं? मुलगी नाराज आहे का?" बेगनी हळूच विचारलं.

दीबनं आपल्या रबरी उशीवर जरा कूस बदलली. "तसं काही नाही, बेग. माझ्यातली गोळी डॉक्टरांनी काढली, पण माझ्या बायकोचा आवाज अजून तिथंच अडकलाय."

दोनशे माणसं हसली. हसणं विरायच्या आत नौफा उंबऱ्यात येऊन उभी राहिली, घोळ दोन्ही हातांत धरून.

"बेग, माझ्या भावानं दिलेला शब्द मी परत घेत नाही. मुलगी तुमची. भेट म्हणजे भेट. पण त्या भेटीत माझा आवाज नव्हता. तो माझा आहे."

"माझ्या डोळ्यांवर, उम्म सकर, बोला—"

"तुमच्या डोळ्यांवर आधीच इतकं ओझं आहे, बेग, तुम्हाला दिसतं तरी कसं?"

पुन्हा हशा पिकला. बेगही हसले, पण जरा उशिरा.

"मी फुकट आवाज दिला, त्यावर गल्लीनं गोळ्या दिल्या," नौफा म्हणाली. "माझी नात एक वीत पलीकडे झोपली होती. एक वीत, बेग. तुम्ही सगळे अबू सकरला हसलात, मीही हसले. ती गोळी ह्या बाजूला पडली असती तर कुणी हसलं असतं का? माझी लेक मला आवाज मागते आणि मी देऊ शकत नाही. मला तो परत हवाय. बाहेरची पिस्तुलं आधी आत येऊ देत. आणि मंगळवारी संसदेत तुम्ही उभे राहा."

बेग म्हणू लागले, समितीचं काम असं एकदम होत नसतं, नियम असतात, सभापती असतात. तेवढ्यात लुअय उठला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि एकही शब्द न बोलता बाहेर गेला. अंगणात मन्सफ शिजवायचं भलंमोठं पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. त्यानं ते सरळ केलं आणि ओढत गल्लीत नेलं.

"टाका," त्याचं बोलणं मांडवात ऐकू आलं.

"अरे, वेडा झालास का? लोक काय म्हणतील? नवरा भित्रा म्हणतील!" त्याचा चुलतभाऊ म्हणाला.

"म्हणू देत. मी औषधं विकतो. उद्या तुझी गोळी कुणाला लागली तर पट्टी घ्यायला माझ्याच दुकानात येशील. टाक."

पातेल्यात पिस्तूल पडल्याचा ठण्ण आवाज आला, मग दुसरा, मग पाऊस पडावा तसे बरेच. लुअयनं पातेलं ओढत आत आणलं, झाकण घातलं आणि मांडवाच्या मधोमध ठेवलं. नौफानं त्याच्याकडे पाहिलं. जावई तिला त्या क्षणी खरा आवडला.

आता सगळे बेगकडे बघत होते. मग बेगनी अंगावरच्या झग्यात हात घातला, आणि खासदार साहेबांचं स्वतःचं छोटंसं, चकचकीत पिस्तूल बाहेर निघालं. मांडवात "हो हो हो!" झालं.

"हसू नका," बेग म्हणाले. "सवय." त्यांनी झाकण उचलून ते आत टाकलं, मग उजव्या हाताची दोन बोटं मिशीवर ठेवली. "मंगळवारी. ह्या मिशीची शपथ."

"मग माझा आवाज लग्नाच्या दिवशी," नौफा म्हणाली. "तोवर उम्म नाइफ आहे." तोवर उम्म नाइफचा मामूल गिळून झाला होता. तिनं असं दार करकरवलं की शेळ्या बुजल्या. गल्लीतून एकही गोळी उडाली नाही.

मंगळवारी अर्धं गाव बेकरीतल्या दूरदर्शन संचासमोर जमलं. बेग उठले. आणि काय बोलले! त्यांनी असं भाषण केलं, की वाटावं हा विचार त्यांना पाळण्यात असतानाच सुचला होता. "मी, सन्माननीय सदस्यहो, स्वतःच्या हातानं माझं पिस्तूल मन्सफच्या पातेल्यात टाकलं!" बाकं वाजली. एक वीत हा शब्दही त्यांनी वापरला, आणि तो वापरताना हात पसरून वीत मोजून दाखवली.

"श्रेय बघ कसं लाटतोय," फव्वाज चिडून म्हणाला.

"लाटू दे," नौफा म्हणाली. "मला त्याची भाकरी थोडीच करायची आहे? आणि तू तर बोलूच नकोस."

कायदा काही त्या दिवशी झाला नाही. पण मसुदा समितीतून उठून सभागृहात मतदानाला आला. निजलेला माणूस उठून बसला, चालायला वेळ लागणार होता. नौफाला तेवढं पुरलं. लग्न संपेपर्यंत आवाज राखून ठेवला तर आपण कंजूष खाटकाच्या पंगतीला बसू, असं ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी पातेलं पुन्हा दारात ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जवान कंबर हलकी करूनच आत जायचा. पातेल्याच्या झाकणावर आपली रबरी उशी ठेवून, त्यावर अबू सकर बसला होता, हातात चहा घेऊन. "अबू सकर, बसा ना!" लोक म्हणायचे. "बसलोय की," तो म्हणायचा, "आणि मी उठल्याशिवाय एकही उडणार नाही."

दुपार कलताना वरात निघायची वेळ झाली. नौफा तालियाला घेऊन गच्चीवर गेली, जिथं तिनं तीन वर्षं कुणाला झोपू दिलं नव्हतं. खाली अंगणात जुमाना पांढऱ्या पोशाखात उभी राहून वर बघत होती. बायकांनी डफ थांबवले. नौफानं ओठांवर हात धरला. क्षणभर वाटलं, आजही नाही निघणार.

"आवीहा, लेक माझी निघाली;
आवीहा, वाट तिची मोकळी;
आवीहा, आभाळा, तू आज विसाव;
आवीहा, तुझ्या पोटात नाही गोळी!"

आणि झगरूता सुटली. तीन वर्षं कोंडलेली, लांब, थरथरती, संपता संपेना अशी. खाली जुमानानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली, हसू लागली, तिचं तिलाच कळेना. उम्म नाइफसुद्धा डोळे पुसत होती. झगरूता संपली. सवयीनं सगळ्यांनी खांदे आक्रसून घेतले आणि वाट पाहिली. काही उडालं नाही. द्राक्षवेलीवरच्या चिमण्या जागच्या हलल्या नाहीत.

मग त्या शांततेत, दरीपलीकडच्या डोंगरावरून, बारीक पण स्वच्छ, एक झगरूता परत आली. इतक्या वर्षांत ती कुणीच ऐकली नव्हती. सगळं गाव तिकडे बघत राहिलं.

पाच वर्षांची तालिया कठड्याला धरून टाचा उंचावून उभी राहिली. "आजी, तिकडे कुणाचं लग्न आहे?"

नौफानं नातीला उचलून कडेवर घेतलं.

"आपलंच आहे," ती म्हणाली. "थांब, त्यांना पुन्हा हाक मारू."